फळमाशीला मुतखडा का होतो? आणि म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाला त्यात एवढा रस का?

मुतखडा झालेल्या माणसाला सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. कुणी कुळथाचं कढण सांगतं, कुणी पानफुटीचं पान अनशापोटी चावायला लावतं, तर कुणी अगदी गंभीर चेहऱ्याने बिअरचा उपाय सुचवतं. टोमॅटो बंद, पालक बंद, दूध बंद. दुसरीकडे रील्सवर ‘वय दहा वर्षांनी कमी करा’ म्हणत उपवास, प्रोटीन पावडर आणि सप्लिमेंट विकणाऱ्यांची वेगळीच गर्दी असते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आपल्याला वाटत नाही. मुतखडा म्हणजे मूत्रपिंडात अडकलेला दगड आणि म्हातारपण म्हणजे म्हातारपण. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नोव्हाटो गावी ‘बक इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च ऑन एजिंग’ ही संस्था आहे. वाढत्या वयाचा अभ्यास करण्यासाठीच ती उभी राहिली. तिथले शास्त्रज्ञ पंकज कपाही गेली अनेक वर्षं या दोन्ही प्रश्नांवर काम करतायत, आणि त्यासाठी ते वापरतात पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं, म्हणजेच फळमाश्या.

नेमकं काय सापडलंय? आणि ज्याला खरंच मुतखडा झालाय, त्याने यातून काय घ्यायचं?

मुतखडा म्हणजे नेमकं काय?

लघवीत अनेक क्षार विरघळलेले असतात. त्यांचं प्रमाण वाढलं किंवा पाणी कमी पडलं की त्यांचे स्फटिक बनायला लागतात. उसाचा पाक आटवताना कडेला साखर धरते, तसंच काहीसं. माणसाच्या मूत्रपिंडातले सुमारे ८० टक्के खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सर्वात जास्त. साधारण १० टक्के युरिक ॲसिडचे असतात. बाकीचे संसर्गामुळे किंवा दुर्मिळ आनुवंशिक दोषांमुळे होतात.

पण नुसता ‘पाणी कमी, क्षार जास्त’ एवढाच हिशेब असता, तर उन्हात राबणाऱ्या प्रत्येकाला खडा झाला असता. तसं होत नाही. १९३७ मध्ये अलेक्झांडर रँडल या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं की मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर कॅल्शियमचे पांढुरके थर साचतात आणि खडा त्या थरांना धरून वाढतो. या थरांना आजही ‘रँडल प्लाक’ म्हणतात. म्हणजे खड्याचं बी लघवीत पडण्याआधी शरीराच्या पेशींमध्ये पडलेलं असू शकतं. हा थर मुळात का जमतो, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

म्हातारपणाचा धागा इथेच जोडला जातो. ज्यांना मुतखडे होतात त्यांच्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, हाडं ठिसूळ होणं आणि पुढे मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांचं प्रमाण जास्त दिसतं. हे सगळे आजार वयाबरोबर येणारे. एकामुळे दुसरा होतो असं यातून सिद्ध होत नाही, हे खरं. तरी एवढं दिसतं की मुतखडा ही फक्त नळी तुंबल्याची तक्रार नाही. शरीराच्या चयापचयात काहीतरी बिघडल्याची ती खूण असू शकते.

माशीच का?

माशीला मूत्रपिंड नसतं. पण मूत्रपिंडाचं काम करणाऱ्या चार बारीक नळ्या तिच्या पोटात असतात. सतराव्या शतकातले इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिघी यांच्या नावावरून त्यांना ‘माल्पिघी नलिका’ म्हणतात. या नळ्या इतक्या पारदर्शक असतात की आत खडा झाला तर सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतो. माणसाच्या रोगांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे पाऊण जनुकांची भावंडं माशीतही सापडतात. माशीचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं, त्यामुळे ‘अमुक खाल्लं तर म्हातारपणी काय होतं’ याचं उत्तर त्याच मोसमात हाती येतं. माणसावर हाच प्रयोग करायचा तर शास्त्रज्ञच आधी निवृत्त होईल!

माशीला मुतखडा करून दाखवणारे कपाही पहिले नव्हेत. २०११ मध्ये तैवानच्या संशोधकांनी माश्यांना इथिलीन ग्लायकॉल खाऊ घालून त्यांच्या नळ्यांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक तयार केले होते. कपाहींच्या प्रयोगशाळेचं वेगळेपण असं की त्यांनी हा प्रश्न आहार, जनुकं आणि वय या तिघांच्या चौकटीत मांडला.

२०१५: जस्ताचा सुगावा

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मूत्ररोगतज्ज्ञ थॉमस ची आणि मार्शल स्टोलर यांच्यासोबत कपाहींच्या गटाने २०१५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी माश्यांमधलं झँथीन डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम दाबलं. प्युरीन या घटकाचं विघटन करून शेवटी युरिक ॲसिड बनवण्याचं काम हे एन्झाइम करतं. ते बंद पडल्यावर माश्यांच्या नळ्यांमध्ये खडे झाले आणि त्यांची घडण माणसातल्या तशाच प्रकारच्या खड्यांशी मिळतीजुळती निघाली.

त्या खड्यांमध्ये जस्त सापडलं. जस्त पेशींमध्ये आणणारी-नेणारी जनुकं दाबल्यावर खडे कमी झाले. म्हणजे खडा बांधला जाण्याच्या अगदी सुरुवातीला जस्ताची काहीतरी भूमिका असावी. कॅल्शियमकडेच बघत बसलेल्या मुतखड्याच्या संशोधनात ही नवी दिशा होती.

पण म्हणून ‘झिंकची गोळी घेतली की मुतखडा होतो’ असा मेसेज फॉरवर्ड करायला घेऊ नका. माशीतला हा खडा झँथीनचा होता आणि माणसात तो फार क्वचित आढळतो. जस्त हे शरीराला आवश्यक खनिज आहे. या अभ्यासातून खडा कसा बांधला जातो याबद्दलचा सुगावा मिळाला, ताटात काय वाढायचं हे नव्हे.

२०१९: दीड कोटी वर्षांपूर्वीची हरवलेली वस्तू

खरी रंजक गोष्ट पुढची आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिक ॲसिडचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात करतं. माणसाच्या पूर्वजांनी हे जनुक सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी गमावलं. त्यामुळे आपल्या रक्तात युरिक ॲसिड बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त असतं आणि अंगठा सुजवणारा गाऊट किंवा युरिक ॲसिडचे खडे हा आपल्या वाट्याला आलेला वारसा आहे.

माशीत मात्र हे जनुक शाबूत आहे. कपाहींच्या गटाने ते दाबलं आणि माशीला या एका बाबतीत ‘माणूस’ बनवलं. मग या माश्यांना यीस्टने समृद्ध अन्न दिलं. त्यांचं युरिक ॲसिड वाढलं, नळ्यांमध्ये खडे साचले आणि त्या लवकर मेल्या.

यीस्टमधलं नेमकं काय नडलं? प्रोटीन, साखर की प्युरीन? संशोधकांनी हे घटक वेगवेगळे देऊन बघितले. जास्त प्रोटीनने तसं झालं नाही, जास्त साखरेनेही नाही. जास्त प्युरीन दिल्यावर मात्र खडेही झाले आणि आयुष्यही घटलं.

पुढचा निष्कर्ष वय आणि खडा यांना थेट एका धाग्यात ओवतो. शरीरात किती अन्न आलंय याची खबर पेशींना देणारी एक यंत्रणा असते, इन्सुलिनसारख्या संदेशांची. ही यंत्रणा मंद केली की कृमी, माश्या, उंदीर यांचं आयुष्य वाढतं, हे वार्धक्याच्या संशोधनातलं पाठ झालेलं सत्य. कपाहींच्या गटाने यीस्टवर पोसलेल्या माश्यांमध्ये तीच यंत्रणा मंद केली आणि युरिक ॲसिड व खडे, दोन्ही कमी झाले. त्यांनी माणसांचा जनुकीय डेटाही तपासला. याच यंत्रणेतल्या एकेटी-२ आणि फॉक्सो-३ या जनुकांमधले काही फरक युरिक ॲसिडच्या पातळीशी किंवा गाऊटशी जोडलेले दिसले. यातलं फॉक्सो-३ हे नाव दीर्घायुष्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या तोंडी आधीपासून आहे. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या २००८ मधल्या अभ्यासात याच जनुकाचा संबंध दीर्घायुष्याशी आढळला होता.

म्हणजे लवकर म्हातारं करणारी आणि खडा घडवणारी बटणं काही अंशी एकच असावीत. माशीत तरी.

कपाही इथवर पोचले कसे?

त्यांनी पीएच.डी. केली ती इंग्लंडमधल्या मँचेस्टरला, वार्धक्याच्या सिद्धांतासाठी ओळखल्या जाणाऱ्या टॉम कर्कवूड यांच्याकडे. पुढे कॅलिफोर्नियात फळमाशीच्या वर्तनावरच्या कामासाठी नावाजलेल्या सेमूर बेंझर यांच्यासोबत काम केलं. २००४ मध्ये त्यांचा जो शोधनिबंध आला, त्यात ‘टॉर’ या जनुकाच्या मार्गातले बदल माशीचं आयुष्य वाढवतात असं दाखवलं होतं. पेशीला ‘अन्न भरपूर आहे, वाढ’ असा हुकूम देणारं हे जनुक. ते शांत केलं की पेशी वाढीऐवजी डागडुजीकडे वळते. रॅपामायसिन हे औषध याच जनुकावर काम करतं आणि २००९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांना ते दिल्यावरही त्यांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं.

इथवर वाचून ‘म्हणजे कमी खा, जास्त जगा’ असं वाटेल. रील्सवालेही इथेच थांबतात. कपाहींच्या प्रयोगशाळेचाच २०२० मधला अभ्यास या सरळ सूत्राला छेद देतो.

त्या अभ्यासात जनुकीयदृष्ट्या वेगवेगळ्या १६० हून जास्त जातकुळींच्या माश्यांना कमी आहारावर ठेवलं गेलं. आयुष्य आणि तब्येत अशा दोन्ही बाबतींत स्पष्ट फायदा झाला तो साधारण निम्म्या जातकुळींना. १३ टक्के जातकुळींमधल्या माश्या जास्त चपळ राहिल्या, पण लवकर मेल्या. ५ टक्के जास्त जगल्या, पण जास्त काळ आजारी अवस्थेत.

दीर्घायुष्य आणि निरोगी आयुष्य या एकच गोष्टी नाहीत, हे या आकड्यांमधून जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचित दिसतं. एकाच आहाराचा परिणाम जनुकांनुसार बदलतो. मग ‘मला फायदा झाला, तुम्हीही करा’ या वाक्याला किती किंमत द्यायची?

माणसांवरचा पुरावाही असाच संमिश्र आहे. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ नावाच्या चाचणीत लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० प्रौढांपैकी काहींना दोन वर्षं २५ टक्के कमी कॅलरी घ्यायला सांगितलं. प्रत्यक्षात त्यांना जमलं सुमारे १२ टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं. वय वाढण्याचा वेग मोजणाऱ्या एका एपिजेनेटिक मापकावर २ ते ३ टक्क्यांची घट दिसली. पण कंबर आणि मणक्याच्या हाडांची घनताही थोडी कमी झाली. पासष्टीच्या पुढच्या, आधीच हाडं ठिसूळ असलेल्या बाईने हा प्रयोग घरी करणं धोक्याचं ठरू शकतं.

कपाहींच्या कामाची आणखी एक बाजू वाचकाला माहीत असायला हवी. साखरेपासून शरीरात तयार होणारे काही घातक पदार्थ प्रथिनांना चिकटतात आणि वयाबरोबर साचत जातात. त्यावरही त्यांची प्रयोगशाळा काम करते. हे पदार्थ कमी करण्यासाठी त्यांनी काही जीवनसत्त्वं आणि वनस्पतिजन्य घटकांचं मिश्रण उंदरांना दिलं. उंदरांचं खाणं कमी झालं, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, आयुष्यही वाढलं. हे मिश्रण आता बाजारात सप्लिमेंट म्हणून मिळतं आणि ते विकणाऱ्या ‘ज्युव्हिफाय’ या कंपनीचे कपाही संस्थापक आहेत. शोधनिबंधात हे जाहीर केलेलं असतं, त्यात लपवाछपवी नाही. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी कंपनी काढणं नेहमीचंच आहे. पण जाहिरातीत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं वाचलं की कोणात सिद्ध झालं, माशीत, उंदरात की माणसात, हे विचारायलाच हवं.

मग ज्याला खडा झालाय त्याने काय करायचं?

माणसांवर तपासलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत.

पहिली म्हणजे पाणी. इटलीत १९९६ मध्ये पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यापैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं. लक्षात घ्या, दोन लिटर पाणी नव्हे, दोन लिटर लघवी. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात, मराठवाड्यात घामावाटे इतकं पाणी जातं की त्यासाठी तीन लिटर पाणीही कमी पडू शकतं. निर्जळी उपवास मुतखड्याच्या रुग्णासाठी नको तितका महाग पडू शकतो तो यामुळेच. उपवासाचे जे काही फायदे असतील त्यांना कोरड्या घशाची अट नाही.

दुसरी गोष्ट दुधाची. ‘खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध बंद’ हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं आणि ते चूक आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. दूध-दही तोडलं तर ऑक्झलेट मोकाट सुटतं आणि लघवीत उतरतं. २००२ मध्ये इटलीतल्या त्याच गटाने १२० पुरुषांवर पाच वर्षं तुलना केली. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्या ६० पैकी १२ जणांनाच झाला. लोणचं, पापड, फरसाण यांच्यावर कुणी रील बनवत नाही, पण मुतखड्याच्या बाबतीत दुधापेक्षा तेच जास्त दोषी आहेत.

आणि प्युरीन? माशीत ते वाईट ठरलं, मग डाळी सोडायच्या का? नाही. २००४ मध्ये ४७ हजारांहून जास्त अमेरिकी पुरुषांच्या अभ्यासात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. प्युरीन असलेल्या भाज्यांनी आणि कडधान्यांनी धोका वाढला नाही, तर दुधाच्या पदार्थांनी तो कमी झाला. युरिक ॲसिडचा त्रास असेल तर हात आखडायचा तो कलेजी, तारली आणि बिअरवर. हो, तीच बिअर, जी मुतखड्यावरचं औषध म्हणून सुचवली जाते.

मग लोकांना घरगुती उपायांनी गुण का येतो? पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआपच पडतात. त्या आठवड्यात जे काही घेतलं असेल, श्रेय त्याला मिळतं. कुळथाच्या कढणासोबत वाटीभर पाणी पोटात जातं, एवढा फायदा तर निश्चित.

औषधांच्या बाबतीत अडचणच आहे. खडा पुन्हा होऊ नये म्हणून हायड्रोक्लोरोथायझाइड ही जुनी गोळी जगभर दिली जाते. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘नोस्टोन’ चाचणीत ४१६ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. तीन वेगवेगळ्या मात्रा आणि एक निष्क्रिय गोळी अशी तुलना करून बघितली, तर खडा पुन्हा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. हातातलं औषधच डळमळीत झालेलं असताना नवं लक्ष्य शोधावंच लागतं आणि माश्यांवरच्या कामाचं महत्त्व तिथे आहे. शेकडो रसायनं माश्यांवर काही आठवड्यांत चाळता येतात. माणसाच्या औषधापर्यंतचा रस्ता त्यानंतरही बरीच वर्षं चालतो आणि कितीतरी रसायनं मधेच गळतात.

तोवर पडलेला खडा फेकू नका, डबीत घालून तपासायला द्या. तो कॅल्शियमचा की युरिक ॲसिडचा, यावर पुढचं पथ्य ठरतं. वारंवार खडे होत असतील तर डॉक्टर चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगतात. ते कंटाळवाणं असतं, पण अंदाजापेक्षा बरं. आणि दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच बंद झाली, तर कढणही नको आणि रीलही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.